सोलापुरात ४×५ कॅमेऱ्यावर काम करताना लांब लेन्स कशी निवडावी

४×५ इंचाच्या फिल्मवर काम सुरू करणाऱ्याजवळ बहुधा एकच लेन्स असते आणि ती १५० मिमीची असते. या फिल्मवर प्रत्यक्ष चित्र उमटते ते सुमारे ९५ × १२० मिमी जागेत. त्या चौकटीचा कर्ण १५३ मिमी भरतो, म्हणून १५० मिमीची लेन्स या आकारासाठी नॉर्मल मानतात. २१० मिमीपासून पुढच्या लेन्स लांब समजल्या जातात. ज्यांना ३५ मिमी कॅमेऱ्याची सवय आहे, त्यांनी आकडा साधारण साडेतीनने भागून पाहावा: ४×५ वरची ३०० मिमी लेन्स तिथल्या ८५ मिमीसारखी आणि ४५० मिमी लेन्स तिथल्या १२५–१३० मिमीसारखी चौकट देते. म्हणजे इथे ३०० हा आकडा ऐकायला मोठा वाटला, तरी ती दुर्बीण नव्हे; दृश्यातला नेमका भाग उचलून घेणारी ती एक मध्यम लांबीची लेन्स आहे.

सोलापूर आणि आसपासच्या परिसरात अशा लेन्सची गरज लवकर भासते. सिद्धेश्वराचे देऊळ तलावाच्या पाण्यात आहे आणि काठावरून त्याच्याकडे पाहताना आपल्याला पुढे सरकता येत नाही. भुईकोट किल्ल्याच्या बुरुजांचे दगडकाम खंदकापलीकडून टिपावे लागते. इंद्रभुवनच्या वरच्या मजल्यावरची नक्षी जमिनीवर उभे राहून घ्यायची असते. नान्नजच्या बाजूच्या माळरानावर तर क्षितिज इतके सपाट आणि दूर असते, की १५० मिमीच्या लेन्सने काढलेल्या चित्रात एकटी बाभूळ आकाशाखाली हरवून जाते. हिप्परग्याच्या तलावाचा पलीकडचा काठ, हरभऱ्याच्या शेतामागची टेकडी, वस्तीच्या छपरांची एकावर एक दिसणारी रांग, हे सगळे लांब लेन्सचे विषय आहेत.

लांब लेन्स घेताना नवोदित मंडळी आधी लेन्स पसंत करतात आणि मग ती आपल्या कॅमेऱ्यावर चालेल का, असे विचारतात. हा क्रम बदलावा, असे मला कळकळीने सांगायचे आहे. आधी आपण कुठे उभे राहणार आहोत ते पाहावे, मग कॅमेऱ्याचा बेलोज, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांना जोडणारा घड्यांचा पडदा, किती ताणला जातो ते मोजावे आणि शेवटी लेन्सच्या नावाकडे वळावे.

आधी जागा, मग आकडा

चित्रातल्या जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे परस्परांशी असलेले प्रमाण लेन्सवर अवलंबून नसते. ते आपण कुठे उभे राहतो त्यावरून ठरते. लेन्स त्या दृश्यातला किती भाग फिल्मवर घ्यायचा एवढेच ठरवते. ‘लांब लेन्स अंतर दाबते’ असे जे म्हटले जाते, त्याचे खरे कारण एवढेच, की लांब लेन्स लावल्यावर आपण सहसा विषयापासून दूर उभे असतो. म्हणून देवळाचे शिखर आणि त्यामागची झाडे यांचे हवे ते नाते कोणत्या जागेवरून दिसते, हे आधी कॅमेऱ्याविना फिरून शोधावे.

या कामासाठी एक पुठ्ठ्याची चौकट करून घ्यावी. तिला खर्च काहीच येत नाही आणि लेन्स विकत घेण्यापूर्वीचे निम्मे प्रश्न ती सोडवते. चादरी किंवा टॉवेल ज्या खोक्यांतून दुकानात येतात, त्यांचा पुठ्ठा सोलापुरात कुठेही मागितला तरी मिळतो. त्यात ४८ × ६० मिमीची खिडकी कापावी, म्हणजे फिल्मच्या चित्राच्या जवळजवळ निम्म्या मापाची. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला एक भोक पाडून दोरी बांधावी आणि पुठ्ठ्यापासून मोजत त्या दोरीला ७५, १०५, १२०, १५० आणि २२५ मिमीवर गाठी माराव्यात. खिडकी निम्म्या मापाची असल्यामुळे या गाठी अनुक्रमे १५०, २१०, २४०, ३०० आणि ४५० मिमी लेन्सच्या आहेत. हवी ती गाठ डोळ्याच्या खाली गालाच्या हाडावर टेकवावी, दोरी ताणून पुठ्ठा समोर धरावा, दुसरा डोळा मिटावा आणि खिडकीतून पाहावे. त्या लेन्सने फिल्मवर जे येईल, तेच खिडकीत दिसते.

हिशेबानेही हे ताडून पाहता येते. चौकटीची लांब बाजू १२० मिमी धरली, तर २०० मीटरवरच्या दृश्याची १५० मिमी लेन्सने सुमारे १६० मीटर, ३०० मिमीने ८० मीटर आणि ४५० मिमीने सुमारे ५३ मीटर रुंदी फिल्मवर येते. २१० मिमीने तीच रुंदी ११४ मीटर होते. माझे स्वतःचे मत असे, की जिच्याजवळ १५० मिमी आहे त्या व्यक्तीने दुसरी लेन्स २१० मिमीची घेऊ नये. चौकट बदलते, पण दोन पावले पुढे-मागे होऊन जे साधले असते त्याहून फार वेगळे काही हाती लागत नाही. २४० किंवा ३०० मिमीची लेन्स मात्र दृश्याची निवडच बदलून टाकते.

काढून ठेवलेल्या निगेटिव्हांचाही इथे उपयोग होतो. १५० मिमीने घेतलेल्या निगेटिव्हच्या मधला निम्म्या लांबी-रुंदीचा तुकडा म्हणजे ३०० मिमीची चौकट. कॉन्टॅक्ट प्रिंटवर, म्हणजे निगेटिव्हच्याच मापाच्या छापील चित्रावर, ती पेन्सिलने आखून पाहावी. तो तुकडा ४७ × ६० मिमीचा, म्हणजे मीडियम फॉरमॅटच्या निगेटिव्हएवढा असतो आणि त्यातून मध्यम आकाराचे प्रिंट चांगले निघते. असे तुकडे वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच आखावेसे वाटत असतील, तर लांब लेन्सचा खर्च अजून पुढे ढकलायला हरकत नाही.

बेलोज मोजून पाहणे

साध्या रचनेची लेन्स अनंतावर, म्हणजे खूप दूरच्या दृश्यावर, फोकस करायची, तर लेन्सबोर्डापासून (लेन्स बसवलेल्या फळीपासून) दुधी काचेपर्यंतचे (चित्र जिच्यावर पाहतो त्या मागच्या काचेपर्यंतचे) अंतर साधारण तिच्या फोकल लेंथएवढे ठेवावे लागते. रचनेनुसार त्यात काही मिलिमीटरांचा फरक पडतो. विषय जवळ आला, की हे अंतर वाढते. त्याचे सूत्र सोपे आहे: फोकल लेंथ आणि विषयाचे अंतर यांचा गुणाकार करावा, विषयाच्या अंतरातून फोकल लेंथ वजा करावी आणि गुणाकाराला त्या वजाबाकीने भागावे. ३०० मिमीच्या लेन्सने ३ मीटरवरच्या माणसाचे व्यक्तिचित्र घ्यायचे असेल, तर ३०० गुणिले ३००० भागिले २७०० म्हणजे ३३३ मिमी बेलोज लागेल. २ मीटरवर तो ३५३ मिमी, दीड मीटरवर ३७५ मिमी आणि वस्तू फिल्मवर मूळ आकाराएवढीच हवी असेल तर थेट ६०० मिमी लागेल.

आता आपला कॅमेरा मोजावा. तो ट्रायपॉडवर लावून पुढचा स्टँडर्ड, म्हणजे लेन्सबोर्ड धरणारी उभी चौकट, रुळावर शेवटपर्यंत न्यावा, मागची बाजू सरकत असेल तर तीही मागे घ्यावी आणि लेन्सबोर्डाच्या पुढच्या पृष्ठापासून दुधी काचेच्या खरखरीत बाजूपर्यंत टेपने अंतर घ्यावे. ही खरखरीत बाजू लेन्सच्या दिशेला, म्हणजे आतल्या अंगाला असते. जो आकडा येईल त्यातून २० ते ३० मिमी मनातल्या मनात वजा करावेत, कारण रुळाच्या अगदी टोकाला आलेला स्टँडर्ड बहुतेक कॅमेऱ्यांत थोडा डुलतो आणि टिल्ट देण्यासाठीही, म्हणजे लेन्स पुढे-मागे कलती करण्यासाठीही, थोडी मोकळीक हवी असते. लाकडी आणि पत्र्याच्या घडीच्या कॅमेऱ्यांपैकी पुष्कळांचा बेलोज ३०० ते ३६० मिमीच्या दरम्यान संपतो. लिनहॉफ मास्टर टेक्निकासारखा कॅमेरा सुमारे ४३० मिमीपर्यंत जातो. सिनार, कॅम्बो यांसारख्या मोनोरेल (एकाच रुळावर बसवलेल्या) कॅमेऱ्यांना जादा रूळ आणि मोठा बेलोज जोडता येतो, म्हणून त्यांची मर्यादा पाठीवरच्या ओझ्याची असते.

मोजणीत ३२० मिमी आले, तर ३०० मिमीची साधी लेन्स दूरच्या देखाव्यांना चालेल, पण समोर बसलेल्या माणसाला नाही. अशा कॅमेऱ्याला २४० मिमी अधिक शोभते, कारण तिला २ मीटरवरही २७३ मिमीच लागतात. ३०० मिमी वापरायची तर बेलोज निदान ३५० मिमी असावा. ४५० मिमीचा विचार बेलोज ४८० मिमीच्या पुढे जात असल्याशिवाय करू नये. थोडेसे अंतर कमी पडत असेल, तर पुढे उभार असलेला लेन्सबोर्ड मिळतो किंवा करून घेता येतो. तो ३० ते ५० मिमीची भर घालतो. मात्र त्यावर हलकी लेन्सच लावावी.

बेलोज ताणलेला असतानाच त्याची दुसरी तपासणीही उरकून घ्यावी. जुन्या बेलोजची बारीक छिद्रे घड्यांच्या कोपऱ्यांत असतात. १५० मिमीवर त्या घड्या मिटलेल्या असल्यामुळे छिद्रे झाकली जातात, पण ३०० मिमीवर घड्या उघडतात आणि प्रकाश आत शिरतो. रात्री खोलीतले दिवे मालवावेत, दुधी काच काढून मोबाइलचा टॉर्च आतून प्रत्येक कोपऱ्याशी फिरवावा आणि बाहेरून पाहावे. जिथे ठिपका चमकेल तिथे खडूने खूण करून काळ्या कापडाची पातळ पट्टी लवचीक गोंदाने चिकटवावी. लांब ताणलेला बेलोज मध्यभागी खाली झोळतो आणि चित्राची कड कापतो, हेही लक्षात ठेवावे. त्याला मधोमध दोरीने वर उचलून धरले, की भागते.

टेलिफोटो घ्यावी का

बेलोज कमी पडतो म्हटल्यावर टेलिफोटो रचनेची लेन्स सुचवली जाते. हिच्यात मागच्या बाजूला किरणांना पसरवणारा भाग असल्यामुळे फोकल लेंथपेक्षा कमी बेलोजमध्ये ती अनंतावर येते. फुजिनॉन टी ४०० मिमी एफ/८ (‘एफ/’ पुढचा आकडा लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे ॲपर्चरचा; तो जितका मोठा तितके छिद्र लहान) हिला सुमारे २५० मिमी आणि निक्कोर-टी ईडी ३६० मिमी एफ/८ हिला सुमारे २६० मिमी अंतर पुरते. निक्कोरच्या या लेन्सचा मागचा भाग बदलून त्याच शटरवर ५०० मिमी एफ/११ आणि ७२० मिमी एफ/१६ अशा लेन्सही करता येतात. लहान बेलोजच्या कॅमेऱ्यावर ३०० मिमीच्या पुढे जायचे, तर व्यवहारात हाच मार्ग उरतो.

तरीही पहिली लांब लेन्स म्हणून टेलिफोटो घेऊ नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. ती जड असते. तिचे प्रतिमावर्तुळ, म्हणजे फिल्मच्या जागी उमटणारे गोल चित्र, लहान, साधारण २१० ते २२० मिमीचे असते. ४×५ ला ते पुरते, पण वर-खाली सरकवण्याची मुभा कमी राहते. सर्वांत मोठी अडचण टिल्ट देताना येते. साध्या लेन्समध्ये टिल्टचा आस आणि लेन्सचा प्रकाशीय मध्य जवळजवळ एकाच जागी असतात, म्हणून लेन्स कलती केली तरी चित्र दुधी काचेवर फारसे हलत नाही. टेलिफोटोमध्ये हा मध्य लेन्सच्या बराच पुढे असतो. थोडे कलते करताच चित्र काचेवरून सरकते, फोकसही जातो आणि प्रत्येक वेळी चौकट नव्याने लावावी लागते. नवशिक्याने टिल्ट शिकावा तो साध्या लेन्सवर. पुढे हात बसला, की टेलिफोटोचा त्रास वाटत नाही.

कोणत्या लेन्स पाहाव्यात

लार्ज फॉरमॅटच्या आधुनिक लेन्स बहुतांशी कोपाल शटरात येतात. शून्य क्रमांकाच्या शटरला बोर्डात सुमारे ३५ मिमीचे, एक क्रमांकाला सुमारे ४२ मिमीचे आणि तीन क्रमांकाला सुमारे ६५ मिमीचे भोक लागते. शून्य क्रमांकाचे शटर १/५०० सेकंदापर्यंत, एक क्रमांकाचे १/४०० पर्यंत आणि तीन क्रमांकाचे १/१२५ पर्यंत चालते. वेगाचा हा फरक लांब लेन्सच्या कामात आड येत नाही, पण तीन क्रमांकाच्या शटरचे आकारमान आणि त्याचा धक्का हलक्या कॅमेऱ्याला झेपत नाही. एफ/५.६ ची ३०० मिमी लेन्स, मग ती श्नायडर सिमारची असो वा रोडेनस्टॉक सिरोनारची, याच मोठ्या शटरात येते आणि तिचे वजन किलोभर किंवा त्याहून अधिक भरते. स्टुडिओतल्या मोनोरेलवर ती उत्तम. घडीच्या कॅमेऱ्याचा पुढचा स्टँडर्ड तिच्या ओझ्याने वाकतो.

त्याऐवजी एफ/८.५ किंवा एफ/९ च्या लहान लेन्स पाहाव्यात. फुजिनॉन सी ३०० मिमी एफ/८.५ ही सुमारे २५० ग्रॅमची आणि निक्कोर-एम ३०० मिमी एफ/९ ही सुमारे २९० ग्रॅमची; दोन्ही एक क्रमांकाच्या शटरात आणि दोघींना ५२ मिमीचे फिल्टर लागतात. हे फिल्टर जुन्या ३५ मिमी कॅमेऱ्यांच्या सामानात सहज सापडतात, त्यामुळे तिथेही पैसे वाचतात. २४० मिमीत फुजिनॉन ए एफ/९ ही शून्य क्रमांकाच्या शटरात येणारी, खिशात मावेल अशी लेन्स आहे. श्नायडरच्या जी-क्लॅरॉन २४० आणि ३०५ मिमी, तसेच रोडेनस्टॉकच्या अपो-रोनार २४० आणि ३०० मिमी या मुळात जवळून नक्कल-चित्रे घेण्यासाठी बनलेल्या आहेत, पण एफ/२२ च्या पुढे त्या दूरच्या देखाव्यालाही अतिशय स्वच्छ चित्र देतात. ज्यांचा बेलोज लांब आहे त्यांच्यासाठी फुजिनॉन सी ४५० मिमी एफ/१२.५ ही एक क्रमांकाच्या शटरातली, पावशेराच्या आसपास वजनाची लेन्स फार गुणाची आहे.

एफ/९ म्हणजे काच अंधारी होईल, अशी भीती बाळगू नये. सोलापूरच्या उन्हात ती पुरेशी उजळ असते आणि लांब लेन्समध्ये किरण काचेवर जवळजवळ सरळ पडत असल्यामुळे कोपरेही मधल्या भागाइतकेच नीट दिसतात. अडचण येते ती तिन्हीसांजेला. त्यासाठी डोक्यावर घ्यायचा कपडा चांगला हवा: आतून काळा, बाहेरून पांढरा, दाट विणीचा सुती आणि कडेला शिवून घातलेल्या वजनांचा. हे कापड आणि ते शिवून देणारा कारागीर या गावात शोधावे लागत नाहीत. बाहेरूनही काळाच असलेला कपडा एप्रिलमध्ये डोक्यावर घेणे हा प्रकृतीवर अन्याय आहे.

लहान बजेट असलेल्यांसाठी आणखी एक वाट आहे. छापखान्यांतील प्रोसेस कॅमेऱ्यांच्या अपो-निक्कोर, अपो-रोनारसारख्या लेन्स शटरविना, नुसत्या नळीत मिळतात आणि त्या स्वस्त असतात. मंद फिल्म, लहान छिद्र आणि गडद फिल्टर वापरून एक्स्पोजर २ ते ४ सेकंदांपर्यंत नेले, तर झाकण काढून पुन्हा लावणे हेच शटर होते. दगडी वास्तूंना ही पद्धत चालते. वाऱ्यावर हलणाऱ्या पिकाला चालत नाही.

जुनी लेन्स हातात आल्यावर

या लेन्स वापरलेल्याच मिळतात आणि पुष्कळदा परदेशातून मागवाव्या लागतात, तेव्हा किमतीत सीमाशुल्क आणि टपालखर्च धरूनच हिशेब करावा. परत करण्याची मुदत लेखी घ्यावी. लेन्स पोहोचल्यावर छिद्र पूर्ण उघडून, शटर उघडे ठेवून एका बाजूने टॉर्च तिरका मारावा आणि दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढुरक्या रेषा म्हणजे बुरशी. ती काचेच्या कडेला एखादीच असेल तर चित्रात दिसत नाही, मधोमध पसरली असेल तर लेन्स परत करावी. सर्वत्र धुरकट थर असेल तर चित्राचा उठाव जातो. श्नायडरच्या लेन्समध्ये कडेच्या आतल्या काळ्या रंगावर पांढरे ठिपके दिसतात. त्यांनी चित्र बिघडत नाही, उलट त्यांच्या नावाखाली किंमत कमी करून घेता येते. काचेवरचा धुळीचा एखादा कण तर सोडूनच द्यावा.

शटर मात्र कसून तपासावे. मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चौकटींचे स्लो मोशन असेल, तर लेन्समागे उजेड ठेवून प्रत्येक वेगाचे चित्रण करावे आणि शटर किती चौकटींत उघडे दिसते ते मोजावे. १/१५ वर १६, १/३० वर ८ आणि १/६० वर ४ चौकटी यायला हव्यात. जुने शटर थोडे मंद असणे हा दोष मानू नये. दर वेळी तेवढेच मंद असले म्हणजे झाले. मोजलेले वेग कागदावर लिहून लेन्सबोर्डाच्या मागे चिकटवावेत. एकदा १६ आणि पुढच्या वेळी २५ चौकटी येत असतील, तर शटर साफ करून घ्यावे लागेल.

लेन्सबोर्ड तयार मिळाला नाही, तर अडून बसू नये. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्याकडे २ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि नमुन्याचा जुना बोर्ड घेऊन जावे. भोकाचे माप तोंडी सांगू नये. शटरच त्याच्यासमोर ठेवावे आणि कॅलिपरने घेतलेले माप कागदावर लिहून द्यावे. बोर्ड आतून झगझगीत राहू देऊ नये, फिका काळा रंग द्यावा.

ऊन, वारा आणि फोकसची खोली

लांब लेन्सने दृश्य मोठे येते तशी फोकसची खोली झपाट्याने आटते. फिल्मवरचा ०.१ मिमीचा ठिपका स्पष्ट मानला, तर एफ/३२ वर अनंतापर्यंत स्पष्टता हवी असताना १५० मिमी लेन्स ७ मीटरवर फोकस केली तरी चालते आणि साडेतीन मीटरपासून पुढचे सगळे येते. ३०० मिमी लेन्स तेवढ्याच छिद्रावर २८ मीटरवर फोकस करावी लागते आणि स्पष्टता १४ मीटरपासून सुरू होते; ४५० मिमीला तर ती ३२ मीटरपासून मिळते. म्हणून पायाजवळचे गवत आणि दूरची टेकडी दोन्ही हवी असतील, तर छिद्र लहान करून भागत नाही, टिल्ट द्यावा लागतो.

टिल्टमागचे तत्त्व ऑस्ट्रियाच्या सैन्यातील अधिकारी थिओडोर शाइमफ्लुग यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी १९०४ मध्ये हवाई छायाचित्रांच्या दुरुस्तीसंबंधी पेटंट घेतले होते. लेन्स पुढे कलली, की स्पष्टतेचे प्रतल जमिनीसारखे आडवे होते. किती कलवायची, याचा अंदाज असा: लेन्सची फोकल लेंथ भागिले लेन्सची जमिनीपासूनची उंची, म्हणजे त्या कोनाचा साइन. लेन्स दीड मीटर उंचीवर असेल, तर १५० मिमीला पावणेसहा अंश, ३०० मिमीला साडेअकरा अंश आणि ४५० मिमीला साडेसतरा अंश टिल्ट लागतो. लांब लेन्सला कोन जास्त लागतो, ही गोष्ट नवोदितांच्या लक्षात येत नाही आणि ते दोन-तीन अंशांवर थांबून टिल्ट काम करत नाही म्हणतात. हरभऱ्याचे शेत घेताना ही उंची जमिनीपासून न मोजता पिकाच्या शेंड्यांपासून मोजावी. चौकटीत उंच झाड मधोमध येत असेल, तर मात्र टिल्टने त्याचा शेंडा अस्पष्ट होतो. तिथे टिल्ट सोडून थोडे मागे जावे.

एक्स्पोजरचा हिशेब लांबत जातो, तो आधीच मांडून ठेवावा. एफपी४ फिल्म १२५ च्या वेगाने, लख्ख उन्हात एफ/१६ वर १/१२५ सेकंद; तेच एफ/४५ वर १/१५ सेकंद. धुरकटपणा कापण्यासाठी पिवळा फिल्टर लावला, की १/८. विषय दीड मीटरवर असेल तर ३०० मिमी लेन्सचा बेलोज ३७५ मिमीपर्यंत ताणलेला असतो. ३७५ ला ३०० ने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग १.५६ होतो, म्हणजे आणखी अर्ध्या स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) थोडा जास्त प्रकाश द्यायचा. १/८ सेकंदात गवत हलते आणि वारा असेल तर कॅमेराही हलतो. ताणलेला बेलोज शिडासारखा वारा पकडतो. अशा वेळी ट्रायपॉडचा मधला दांडा वर घेऊ नये, पिशवी दांड्याला अशी टांगावी की ती जमिनीला टेकलेली राहील, वाऱ्याच्या बाजूला सोबत्याला छत्री धरून उभे करावे आणि केबल रिलीज सैल धरून झुळूक थांबण्याची वाट पाहावी.

उन्हाचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण त्याला उपाय नाही, फक्त वेळ आहे. मार्चपासून मुरमाड जमीन तापू लागली, की तिच्यावरची हवा थरथरते. १५० मिमीच्या चित्रात ती जाणवत नाही, पण ३०० आणि ४५० मिमीमध्ये दूरच्या कडा वितळल्यासारख्या येतात. नव्या माणसाला वाटते लेन्सच मऊ आहे. दुधी काचेवर चौपट भिंग ठेवून दूरची विजेची तार किंवा देवळाचा कळस पाहावा: कड स्थिर राहत नसेल, तर फिल्म वाया घालवू नये. माळरानाचे काम सूर्य उगवल्यापासून ऊन चढेपर्यंतच उरकावे. दिवाळीनंतर जानेवारीपर्यंतचे दिवस त्यासाठी सर्वांत चांगले असतात. तलावाचे पाणी जमिनीइतके तापत नसल्यामुळे काठावरून देऊळ घेताना थोडा अधिक वेळ मिळतो.

लांब लेन्सला हूड अवश्य लावावा. ३०० मिमीच्या साध्या लेन्सचे प्रतिमावर्तुळ ३२५ ते ३८० मिमीचे असते आणि फिल्मला त्यातले १५३ मिमीच हवे असते. उरलेला सगळा प्रकाश बेलोजच्या आतल्या बाजूंवर आदळतो आणि पाण्याची चमक किंवा पांढरे आकाश समोर असेल, तर सावल्या राखाडी करून टाकतो. हूड नसेल तर हातातला होल्डरचा पत्रा (फिल्म झाकणारी सरकती पट्टी) लेन्सच्या वर, चौकटीत येणार नाही इतक्या अंतरावर धरावा.

पहिल्या तीन फिल्म

लेन्स परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी तीन फिल्म तिच्या परीक्षेसाठी खर्च कराव्यात. पहिली सकाळी लवकर, दूरच्या इमारतीवर, टिल्ट न देता, एफ/२२ वर घ्यावी आणि निगेटिव्हचे चारही कोपरे भिंगाखाली पाहावेत. एकच कोपरा मऊ असेल, तर बहुधा लेन्स निर्दोष असते आणि स्टँडर्ड समांतर नसतात. दुसरी ३ मीटरवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर फोकस करून, लेन्स पूर्ण उघडी ठेवून घ्यावी. स्पष्टता डोळ्यांऐवजी कानांवर आली, तर दुधी काच आणि फिल्म एका पातळीत नाहीत. हा दोष १५० मिमीवर लपून राहिलेला असू शकतो. तिसरी फिल्म बेलोज पूर्ण ताणून, लेन्सवर झाकण ठेवून, होल्डरचा पत्रा काढून पाच मिनिटे उन्हात नुसती ठेवावी आणि धुऊन पाहावी. ती कोरी निघाली, तर बेलोज ठीक आहे. तिच्यावर काळे डाग आले, तर लेन्सकडे बोट न दाखवता पुन्हा अंधाऱ्या खोलीत टॉर्च घेऊन बसावे.

किल्ल्याच्या आत ट्रायपॉड लावायचा असेल तर पुरातत्त्व खात्याकडे, इंद्रभुवनच्या आवारासाठी महापालिकेकडे आणि देवळाच्या परिसरासाठी देवस्थानाकडे आधी विचारणा करावी. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तलावाकाठी कॅमेरा निवांत मांडायला जागा मिळत नाही, तेव्हा परीक्षेच्या फिल्मसाठी ते दिवस टाळावेत.